डोलोरेस, आश्लेषा चौथा चरण

६ जाने., मंगळ.

ऋ. आत्या झाली!!!

काल सकाळी तिच्या वहिनीला मुलगी झाली. नेसरीला, वहिनीच्या माहेरी. ऋतुजाचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका टेम्पोच्या काचेवर रेडियमचं 'आईची कृपा' चिकटवत होतो. ती एवढ्या मोठ्यानं किंचाळली की 'पा' वाकडा बसला. दत्तादा, म्हणजे आमचा मालक, म्हणाला, "टेम्पोवाला आता तुला वाकडा करतोय बघ." करू दे. आज कुणीबी काहीबी करू दे.

बाळाचं नाव ठेवायचा हक्क आत्याचा. पण घोळ झालाय. जन्म आश्लेषा नक्षत्रावर, चौथा चरण. भटजी म्हणाले, बापाला जड. म्हणजे ऋ.च्या अभिदादाला. शांत घालायला पाहिजे, आणि नावाचं अक्षर 'डो'. ऋ.च्या आईनं, काकींनी, जेवण सोडलंय. एकुलता एक ल्योक. पत्रिकेतलं नाव एक आणि हाक मारायचं दुसरं, असली पळवाट त्यांना चालणार नाही. अक्षराचंच नाव, आणि तेच वापरायचं. तरच शांत लागू पडते म्हणे.

"डोवरनं काय असतंय? डोसा?"

"हसू नको रण्या. डोंगर, डोकं, डोळा, डोहाळे. एवढंच आठवतंय. पोरीला डोकं म्हणून हाक मारू?"

"डोळा बरं हाय की."

"गप. तू शोध. तू नाव शोधून दिलंस ना, तर..."

"तर काय?"

"तर बघू."

आणि ठेवला फोन. तर बघू!! काय बघू? मला बघू? घरात विचारून बघू? दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

७ जाने., बुध.

नाव अजून नाही. पण दुसरंच डोक्यात शिरलंय. लग्नात नवरा ताटातल्या तांदळात सोन्याच्या अंगठीनं बायकोचं नवीन नाव लिहितो. मी नवीन लिहिणार नाही. ऋतुजाच लिहिणार. पण 'ऋ' तांदळात उमटतो का? रेडियममध्येच कापताना घाम फुटतो.

आईची अंगठी घेऊन परातीत सराव केला. तिसऱ्यांदा जरा बरा आला. मागं आई उभी.

"काय करतोयस रं?"

"तांदूळ निवडतोय."

"अंगठीनं?"

तिनं तांदूळ तसेच कुकरला लावले. दुपारी ऋ. खाल्ला.

९ जाने., शुक्र.

सापडलं!!! सापडलं सापडलं सापडलं.

तीन दिवस सगळ्यांचं डोकं खाल्लं. दत्तादा म्हणाला डोरा. आई म्हणाली डोईफोडी, ते मला उद्देशून. मग मोबाईलवर बाहेरच्या देशांतली नावं चाळत बसलो आणि एका यादीत दिसलं. डोलोरेस. समोर फक्त 'स्पॅनिश, मुलगी' एवढंच.

मोठ्यानं म्हणून बघितलं. दुकानातल्या गिऱ्हाइकानं वळून बघितलं. काय नाव आहे! तोंडात फिरतं. शेवटाला कसं सळसळतं. अख्ख्या जिल्ह्यात दुसरी सापडायची नाही.

लगेच ऋ.ला लावला.

"परत म्हण."

"डोलोरेस."

"परत."

पाच-सहा वेळा म्हणायला लावलं. मग स्वतः म्हणत बसली. मग विचारलं, "अर्थ काय?"

मला कुठं माहीत. पण ती एवढी खूश, आणि मी एवढा चढलेलो. तोंडातून निघून गेलं, "हसवणारी. घरात आनंद आणणारी."

"अयाई गं. नेमकं हेच पाहिजे होतं रण्या. आईला सांगते की, बघ, नक्षत्र कसलंबी असू दे, नाव आनंदाचं हाय. पण आत्ता न्हाई. बारशादिवशीच सगळ्यांना. तूबी कुणाला बोलायचं न्हाई."

नसंल अगदी तसा अर्थ, पण आसपास असणारच. एवढ्या गोड आवाजाचं नाव वाईट कशाला असंल?

१२ जाने., सोम.

हातकणंगल्याला जाऊन आलो. ऋ. तिथनंच रेल्वेनं कोल्हापूरला कॉलेजला ये-जा करते. स्टेशनबाहेर चहा घेत होतो, एवढ्यात तिचे आप्पा तिला न्यायला आले. दुधाची किटली लावलेली गाडी. मला पळून जायचं होतं, पण हातात गरम चहाचा कप.

ऋ. एकदम म्हणाली, "आप्पा, हे रेडियमवाले. पाळण्याची पाटी करून देणार हायत."

आप्पांनी वरून खाली बघितलं. "पावणं, माझ्या ट्रॅक्टरवर तुम्हीच नाव टाकलंय न्हवं? केरबा?"

मीच टाकलं होतं! मागच्या दिवाळीत. तेव्हा मी त्यांना विचारलंतं, आडनाव पण टाकू का, नुसतं केरबा जरा... तर म्हणालेले, "जरा काय? मोठं कर. लांबनं दिसलं पाहिजे." ते ऋ.चे वडील हे तेव्हा माहीत असतं तर डबल बॉर्डर फुकट मारली असती.

जाताना म्हणाले, "अक्षर झ्याक हाय." मला म्हणाले!! मला!

१४ जाने., संक्रांत

सगळं घालवलं.

तिळगूळ घेऊन ऋ.च्या कॉलेजच्या गेटवर गेलतो. ती एका पोराच्या मोपेडवर मागं बसून हसत आली. मला काही दिसलं नाही पुढचं. जाऊन चावी काढली आणि गटारात फेकली. तो पोरगा तिच्या मामाचा मुलगा निघाला. वारणानगरहून आजीनं दिलेला तिळगूळ पोचवायला आलेला.

ऋ. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आधी डोकं जाग्यावर आण. मग गोड बोल."

नंबर ब्लॉक. सगळीकडं ब्लॉक.

कॉलेज पण असंच सुटलं होतं. सेकंड इयरला प्रॅक्टिकलच्या वेळी सर बापावरनं बोलले आणि मी त्यांच्या टेबलावर जर्नल फाडलं. दुसऱ्या दिवशी माफी मागितली असती तर आज... जाऊ दे. माफी मागायला मी कायम दुसऱ्या दिवसाची वाट बघतो, आणि दुसऱ्या दिवशी आणखी राग येतो.

२२ जाने., गुरु.

पाटीला लागलो. बोलत नाही तर नाही, पण पाटी अशी करणार की बघून बोलली पाहिजे. गुलाबी फोम, कडेला सोनेरी वेल. नावाखाली बारीक अक्षरात अर्थ टाकावा म्हटलं. 'हसवणारी' बरं की 'आनंद देणारी', म्हणून पहिल्यांदाच मोबाईलवर अर्थ नीट काढला.

दुःख.

परत बघितलं. दुसरीकडं बघितलं. सगळीकडं तेच. डोलोरेस म्हणजे दुःखं. एक नव्हे, अनेकवचन. दुःखं!

हातातलं कटर खाली ठेवलं. दत्तादाला दाखवलं. तो म्हणाला, "लका, बारशाची पाटी हाय का दहाव्याची?"

आधी हसू आलं, मग उजाडलं. पोरगी आश्लेषावर जन्मलेली, आजी म्हणते बापाला जड, शांत घालणार, आणि त्याच दिवशी आत्या तिच्या कानात सांगणार, दुःखं. आणि हे कुणी शोधून दिलं? मी!

२३ जाने., शुक्र.

शाळेतल्या इंग्रजीच्या फर्नांडिस बाईंकडं गेलो. नागाळा पार्कात राहतात, आता रिटायर. त्यांच्या माहेरी गोव्यात असली नावं असतात हे आठवलं. दार उघडताच, "रणजित! कॉलेज सोडलंस म्हणे?" आधी त्यावर अर्धा चहा ऐकून घेतलं.

मग नाव सांगितलं. बाई खुर्चीत मागं टेकल्या. म्हणाल्या, "माझ्या आजीचं नाव."

मग मी विचारतच सुटलो. बाईंनी सगळं सांगितलं. मूळ शब्द लॅटिनमधला, तिथून स्पॅनिशमध्ये आला. दुःखाला आणि अंगातल्या कळेला, दोन्हीला तोच शब्द. आणि मुलीला नाव नुसतं दुःख म्हणून देत नाहीत. येशूची आई मारिया, तिला सात दुःखं झाली, तिच्या मूर्तीत काळजात सात तलवारी दाखवतात. दुःखांची मारिया, असं तिचं नाव. स्पेनमध्ये मारियाच्या अशा नावांवरून मुलींची नावं ठेवतात. पुढचा मारिया गळतो, मागचं राहतं. एकीचं नाव सोलेदाद, म्हणजे एकटेपण. एकीचं कोन्सुएलो, म्हणजे सांत्वन.

"पण बाई, दुःख कशाला? आपल्यात करुणा ठेवतात, वेदना कुणी ठेवत नाही."

"ती पोरापाशी शेवटपर्यंत उभी राहिली म्हणून. बाकीचे पळाले, ती पळाली नाही. ज्याला रडायचं असतं तो तिच्याकडं जातो."

"आणि तुमची आजी?"

"आजी? एक नंबर खट्याळ. घरात सगळे लोला म्हणायचे. डोलोरेसला घरी लोलाच म्हणतात. शेजारच्यांच्या कोंबड्या पळवायची." बाई हसल्या. "नाव काही करत नसतं रे. पण तू तिला खोटा अर्थ सांगितलास ना? तो जाऊन बदल. आजच्या आज."

बाहेर येऊन गाडीवर बसलो. किती भारी नाव आहे हे! आता तर जास्तच आवडलं! आणि आता ते ठेवता येणार नाही. डोकं नुसतं भणभणतंय.

२७ जाने., मंगळ.

ऋ. सापडत नाही. हातकणंगले स्टेशनवर दोन दिवस उभा राहिलो. तिची मैत्रीण म्हणाली, ती नेसरीला गेली, शांतीच्या तयारीला. "तिला निरोप दे, नावाचं अर्जंट हाय." मैत्रीण म्हणाली, "तुझं नाव तिच्यापुढं काढू नको म्हणून सांगितलंय तिनं."

संध्याकाळी अभिदादाचा फोन. 

"सोमवारी शांत आणि बारसं दोन्ही हाय. पाटी कधी देताय? नाव आम्हाला सांगू नका बरं का. ऋतुजानं शपथ घातलीय." मग जरा हळू, "नाव चांगलं हाय न्हवं? आई लई घाबरलीय हो."

मी "व्हय" म्हणालो. मग लगेच म्हणालो, "मी स्वतः आणून देतो."

आता काय? गप बसलो तर कुणाला कळणार? कुणालाबी! बारशात कुणी पोरगं मोबाईल काढंल आणि काकींना वाचून दाखवंल. आणि ऋ. सगळ्यांपुढं तोंडघशी पडंल. नाही. सांगायचं. तिनं नंतर आयुष्यात तोंड बघितलं नाही तरी चालेल. चालणार नाही, पण सांगायचं.

पाटीवर फक्त 'डो' चिकटवला. 'डो' काही झालं तरी लागणारच. 'लो', 'रे', 'स' कापून वेगळ्या कागदात गुंडाळले.

१ फेब्रु., रवि.

कुठनं सुरू करू.

सकाळी निघालो. पाटी गोणपाटात गुंडाळून पाठीला बांधलेली. निपाणीपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांनी जीव घेतला. संकेश्वर, गडहिंग्लज, नेसरी. वाटेत मनात भाषण पाठ केलं. घर दिसल्यावर सगळं विसरलो.

ऋ. अंगणात घुगऱ्यांचे हरभरे निवडत होती. मला बघून उठली.

"पाटी ठेव आणि जा."

"चावीबद्दल चुकलो. तुझ्या मामाच्या मुलाला नवीन करून देतो. ते एक. दुसरं म्हणजे नाव."

"काय नाव?"

"अर्थ मी मनानं सांगितलाता. डोलोरेस म्हणजे दुःख."

तिच्या हातातलं सूप कलंडलं, हरभरे अंगणभर. मग दबक्या आवाजात, "रण्या, उद्या बारसं हाय. मी आठ दिवस त्या पोरीला त्याच नावानं खेळवतेय की रे. आता मी काय करू?" डोळ्यात पाणी. मला तिथंच गाडून घ्यावंसं वाटलं.

एवढ्यात मागून काकी. "दुःख? कुणाला दुःख? कोण हा?"

आणि मग सगळं घर अंगणात. मी पळालो नाही. (बाईंचं वाक्य डोक्यात होतं.) सगळं सांगितलं. नाव मी शोधलं, अर्थ खोटा मी सांगितला, ऋतुजाची काही चूक नाही. मारिया, सात तलवारी, बाईंची आजी जिला घरात लोला म्हणायचे, सगळं. काकी कपाळाला हात लावून जोत्यावर बसल्या. "आधीच माझ्या लेकाला जड पोरगी, वर तिला दुःख म्हणायचं? हाकला ह्याला."

अभिदादा पुढं आला. मी म्हटलं आता बसतेय. पण आप्पा मध्येच म्हणाले, "थांब जरा. माझं नाव काय?"

आणि स्वतःच सांगितलं.

"केरबा. माझ्या आधीची दोन गेली. मी झालो तसं आईनं मला केरात ठिवलं आणि शेजारणीनं उचलून परत दिलं. केरात मिळालं म्हणून केरबा. कचरा समजून मरणानं हात लावू नये म्हणून. मी हाय की न्हाय अजून?" मग माझ्याकडं वळून, "तिकडंबी असंच करत्यात व्हय?"

व्हय म्हणालो असतो तर तिथंच मिटलं असतं. पण एकदा खोटं बोलून झालं होतं.

"न्हाई आप्पा. तिकडं फसवायला न्हाई ठेवत. देवाच्या आईनं सोसलं, त्याची आठवण म्हणून ठेवतात. आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ कळ. अंगातली कळ."

तेव्हा आतनं आवाज आला. "बाळंतपणाच्या कळा बी?"

वहिनी. बाळ खांद्यावर घेऊन दारात. मी पहिल्यांदाच बघितलं तिला. चेहरा उतरलेला, पण आवाज खणखणीत.

मला नक्की माहीत नव्हतं. म्हटलं, "थांबा, विचारतो." तिथनंच फर्नांडिस बाईंना फोन, स्पीकरवर. बाई म्हणाल्या, "हो, त्या कळांना पण तेच म्हणतात. तू सांगितलंस का तिला?"

"सांगतोयच बाई," म्हणून ठेवला.

वहिनी म्हणाली, "पोरगी झाल्यापास्नं जो येतोय तो नक्षत्र इचारतोय. कुणाला जड, किती जड. कळा मी सोसल्या, ते कुणी इचारलं न्हाई. ह्या नावात तेवढं तरी हाय."

 अभिदादा खाली वाकला आणि सांडलेले हरभरे गोळा करायला लागला.

काकी उठल्या. "मला न्हाई पसंत," म्हणाल्या आणि आत गेल्या. पण जाताना नात वहिनीच्या खांद्यावरनं घेऊन गेल्या.

मला मुक्काम करा म्हणाले आप्पा.  जेवताना ताटात दुसऱ्यांदा आमटी ऋ.नं वाढली. मी मागितली नव्हती.

२ फेब्रु., सोम.

शांत झाली. दुपारी बारसं. पुरुषमाणसं अंगणात घुगऱ्या खात. आतला पाळणा दारातनं थोडा दिसत होता. वर माझी पाटी. गुलाबी, सोनेरी वेल, आणि मधे एकटा 'डो'. बाया बघून हसत होत्या. "पुढचं वाऱ्यानं उडालं काय गं?"

आप्पा मला म्हणाले, "पावणं, पाटी अर्धीच केली."

"बाकीची तुमच्या सुनेकडं हाय आप्पा." कागद सकाळीच वहिनीच्या हातात दिला होता.

ऋ. वाकली. पाळण्यात तोंड घालून बाळाच्या कानात काहीतरी बोलली. लगेच बायांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले, आत्याला घालतात तसे, आणि एकच कालवा. काय बोलली ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

"मोठ्यानं सांग की गं," बाया म्हणाल्या.

ऋ.नं काकींकडं बघितलं. काकी पाळण्याची दोरी धरून. त्यांनी नाही पण म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही.

"जिला सांगायचं तिला सांगितलंय," ऋ. म्हणाली. "आई म्हणंल तेव्हा तुम्हाला सांगते."

निघताना गाडीपाशी आली. मी विचारलं, "काय सांगितलंस?" तिनं पाठ चोळली. "लई मारलंय रे बायांनी," म्हणाली. हसली का? हसली. मला तरी हसल्यासारखी वाटली. गडहिंग्लजपर्यंत मी गाणं म्हणत आलो.

४ फेब्रु., बुध.

ब्लॉक काढला!!! दुकानात फोन आला, अजून नेसरीतनंच. दत्तादा समोर, म्हणून 'बोला मॅडम' म्हणालो.

"रण्या, एक 'ला' कापून ठेव. पाटीवर बसंल त्याच मापाचा. सोनेरी."

"ला? कशाला?"

"'लो' हाय आमच्याकडं. तू दिलेल्या कागदात. आईनं काढून देवापाशी ठेवलाय."

'लो' आणि 'ला'. लोला! "म्हणजे काकी..."

"आई काहीच बोलत न्हाई. सकाळी तेल लावताना नातीला काहीतरी म्हणत होती. मी गेले तशी गप झाली. तू आधी काप. शुक्रवारच्या एसटीनं येते, कोल्हापूर स्टँडवर आणून दे."

"ऋतुजा, ते 'नाव शोधून दिलंस तर' म्हणालीस त्या दिवशी. तर काय?"



"'ला' वाकडा करू नको," म्हणाली.

पहिला वाकडा गेला. दुसऱ्याचा काना तुटला. दत्तादा म्हणतोय आज बास कर, माल संपवतोयस. सोनेरी अजून हातभर शिल्लक आहे. तिसरा घेतो.